सोळा टॅपेट

जिन्सी नाल्याकडच्या शेडमध्ये जानेवारीत
तेलसुद्धा आळसावतं.
डबा उपडा धरला तरी विचार करून उतरतं.
दिगूमामांनी मामींचं इडलीपात्र आणलंय, न विचारता.
चार ताटल्या, दर ताटलीत चार खळगे,
इम्पालाचे सोळा हायड्रॉलिक टॅपेट
जसे निघाले तसे ओळीने बसलेत.
खडूने नंबर मी घातलेत.
'अदलाबदल करू नकोस,' मामा म्हणतात,
'जो ज्याच्याशी झिजलाय
त्याचं त्याच्याशीच जमतं.'

रॉकेलच्या थाळीत एका वेळी एकच उघडायचा.
आधी तारेची रिंग, नखाएवढी
(उडाली की अख्खी शेड झाडायची, मी दोनदा झाडली),
मग वाटी, मग पिस्टन,
आणि पिस्टनच्या बुडाशी मिरीएवढी गोळी.
सगळी मदार हिच्यावर.
आत येणाऱ्या तेलाला वाट,
परतणाऱ्याला दार बंद.
बावीस वर्षं उभ्या गाडीत तेलाची लाख झालीय.
ती मामांना दिसत नाही, पण पेराला कळते.
पॉलिश पेपर मागितला तर
माझ्याकडे असे बघतात
जसं मी देव घासायला वाळू मागितली.

मग पट्टी. टॅपेटच्या तळावर उभी धरून
उजेडाकडे तोंड करायचं.
'कडेने उजेड येतोय?'
'येतोय.'
'म्हणजे पोट शाबूत आहे.'
नऊ नंबरला केसाएवढाच आला.
मामांनी तो फिरवला, पुसला, पुन्हा धरला.
दिल्लीहून नवा यायला दोन महिने,
आणि इंदुताई शिर्के पंच्याऐंशीच्या.
'ठेव,' म्हणाले. जरा थांबून परत, 'ठेव.'

रईस म्हणाला, रातभर तेल में डुबो दो, मामू.
मामा म्हणाले, बुडून कुणाचं पोट भरतं का.
जुनी पुशरॉड उलटी धरून
त्यांनी एकेकाला तेलाखाली दाबलं, सोडलं,
दाबलं, सोडलं.
आधी मोठे बुडबुडे, मग बारीक,
मग मोहरीएवढा एक, बराच वेळाने,
आणि मग बोटाखाली काहीच हलेना.
'हा भरला.'
रात्री दहापर्यंत सोळा भरले.
नववा मामांनी दोनदा भरला.

दुसऱ्या दिवशी रॉकरचे नट माझ्याकडे.
दांडी चिमटीत फिरवत राहायची,
नट आवळत राहायचा,
फिरता फिरता दांडी जड होते,
तिथे खेळ संपला.
'थांबू?'
'नको. अजून अर्धा फेरा.
नुसतं टेकून चालत नाही,
थोडं दडपण हवं.'

इंदुताई रिक्षाने आल्या, शाल, कानटोपी.
त्यांना गाडीतून कुठेच जायचं नव्हतं.
चालू असलेली ऐकायची होती, एवढंच.
रईसने किल्ली फिरवली.
पहिल्यांदा नुसता खोकला,
मग आठही सिलिंडर एकदम,
आणि त्या सगळ्यावर सोळा सुपाऱ्या फोडल्यासारखं
टक टक टक.
हळूहळू एकेक गप्प होत गेला.
पंधरा गप्प झाले.

मागच्या दिवाळीपासून मामांना कमी ऐकू येतं.
हे फक्त मला माहीत आहे
आणि मामींना, आणि बहुतेक रईसला.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'वाजतंय?'
इंदुताई डोळे मिटून उभ्या होत्या.
मी म्हटलं, 'नाही.'
मामांनी झाकणावर तळहात ठेवला,
पुढून मागे सरकवत नेला
आणि एका जागी थांबवला.
'खोटं का बोलतेस,' म्हणाले, 'चालू दे अजून.
हवा असेल. नाहीतर
असेल ते असेल.'

इंदुताई म्हणाल्या,
ह्यांच्या वेळीही एक वाजायचाच.

पात्र सोड्याने तीनदा धुतलं.
मामींनी वास घेतला
आणि शेडमध्येच परत पाठवलं.